सभासद व्हायचे ते कशासाठी?



गेल्या तीन महिन्यांत भोर आणि वेल्हे तालुक्यांत आशाताईंबरोबर आमच्या बऱ्याच बैठका झाल्या. (वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय झाला आहे, पण खोऱ्यातल्या बायका अजून वेल्हेच म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो.) बैठकीचा विषय होता बायकांमधला रक्तक्षय. पण बोलणे दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबले. संघटनेचे सभासद व्हायचे, वर्गणी भरायची, ती कशासाठी? हिरडस मावळातल्या एका ताईने तर हिशेबच मांडला. "वर्गणी भरा, मोर्चाला गेलं का यष्टीचं भाडं भरा, त्या दिवसाचं कामबी बुडवा. आन् वाढ झाली का ती सगळ्यांनाच मिळती. न भरणारीलाबी तेवढीच. मग भरायची तरी कशापायी?"

प्रश्न रोखठोक आहे, त्याला उत्तरही तसेच द्यायला हवे. 'एकीत बळ असते' एवढे म्हणून भागणार नाही. घोषणा आपण पुष्कळ दिल्या. बाईने घरखर्चातून काढून शंभर रुपये का द्यावेत, हे तिला तिच्या हिशेबात पटले पाहिजे. आणि ते पटवण्याआधी आपल्यालाही ते नीट समजलेले असले पाहिजे.

हाच प्रश्न भोरच्या पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना विचारून पाहा. एमबीबीएस असतील तर ते बहुधा इंडियन मेडिकल असोसिएशनचे, म्हणजे आयएमएचे सभासद असतील. बीएएमएस असतील तर 'निमा'चे. स्त्रीरोगतज्ज्ञ बाई असतील तर त्या 'फॉग्सी'शी, म्हणजे प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशभरच्या महासंघाशी जोडलेल्या एखाद्या संस्थेत असतील. आयएमए १९२८ सालची, फॉग्सी १९५० सालची. परिचारिकांची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन तर या दोघींहून जुनी, १९०८ सालची. म्हणजे जे आधीच शिकलेले, सवरलेले, समाजात मान असलेले आहेत त्यांनासुद्धा एकेकट्याने भागत नाही हे फार पूर्वीच कळले होते.

त्यांना सभासदत्वातून काय मिळते? नवे ज्ञान मिळते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी तीस तासांचे शिक्षण दाखवावे लागते. त्यातले कितीतरी तास संघटनेच्या व्याख्यानांत आणि संमेलनांतच भरतात. रुग्णाने दावा लावला तर वकिलाचा सल्ला आणि खर्चाची तरतूद मिळते. सभासद अकाली गेला तर कुटुंबाला मदत मिळण्याच्या योजना आहेत. दवाखान्याची मोडतोड झाली तर दुसऱ्या दिवशी गावातले सगळे दवाखाने बंद राहतात आणि पोलीस ठाण्यात निवेदन घेऊन वीस जण उभे असतात. शिवाय ज्याची कुठे नोंद होत नाही असे एक मिळते. रात्री बाळंतीण अडली आणि डॉक्टरला स्वतःलाच शंका आली, तर पुण्यातल्या वडीलधाऱ्या डॉक्टरला फोन करायची ओळख असते. ही ओळख संघटनेच्या सभेतल्या चहाच्या वेळी झालेली असते.

इथे एक फरक समजून घेऊ, कारण बैठकांत यावर बराच गोंधळ दिसला. वैद्यक परिषद किंवा परिचर्या परिषद ही कायद्याने झालेली असते. तिच्याकडे नोंद नसेल तर व्यवसायच करता येत नाही. संघटना मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीची. परिषद परवाना देते, चुकलात तर जाब विचारते. संघटना तुमच्या पाठीशी उभी राहते. डॉक्टर आणि नर्सबाईंना दोन्ही आहेत. (आम्हा एमएसडब्ल्यू झालेल्यांना देशात अशी कायदेशीर परिषदच नाही. त्यामुळे ज्याच्या अंगावर खादीचा झब्बा आणि हातात चार दिवसांची सवड, तो समाजसेवक ठरतो. पण ते रडगाणे पुन्हा केव्हातरी.)

आणि आशाताईला? तिला परिषद नाही, परवाना नाही, आणि सरकारी कागदावर ती नोकरदारही नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा 'आशा' ही गावातली मानद आरोग्य स्वयंसेविका ठरली. हजार लोकवस्तीमागे एक, शक्यतो गावात नांदणारी सून, कामाप्रमाणे मोबदला. स्वयंसेविका हा शब्द ऐकायला गोड आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की पगार नाही, रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही, निवृत्तिवेतन नाही.

आता हे हजाराचे गणित आपल्या डोंगरात कसे चालते ते पाहा. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आतच होती. सपाटीवरच्या एका मोठ्या गावात हजार माणसे एका हाकेच्या अंतरावर राहतात. इथे तेवढ्याच माणसांसाठी तीन-चार वाड्या, एखादा धनगरवाडा आणि ओढ्यापलीकडची कातकरी वस्ती पालथी घालावी लागते. पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी या धरणांनी खोऱ्यांचे तुकडे केले आहेत. समोर दिसणारे गाव पाण्याला वळसा घालून गाठावे लागते. पावसाळ्यात दरडी पडतात, वरंध घाट बंद होतो, मोबाइलला रेंज नसते. कागदावर मात्र केळदच्या बाजूची गृहभेट आणि नसरापूरच्या बाजूची गृहभेट यांचा मोबदला सारखाच.

गृहभेटींचेच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाने नवजात बाळाला सहा वेळा घरी जाऊन पाहायचे असते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करायचे, ताप पाहायचा, बाळ दूध ओढते का ते बघायचे. या सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून हे काम केले आणि बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे ठेवले. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने मानले की हे काम कौशल्याचे आहे. सरकार मात्र अजून त्याला सेवाभाव म्हणते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा सन्मान केला. सत्कार झाला, फोटो निघाले. वेल्ह्यातल्या एका बैठकीत एक ताई हसून म्हणाली, "आमचा सत्कार झाला म्हनं. आमाला टीव्हीवर कळलं."

आता त्या ताईच्या हिशेबाकडे वळू. वाढ सगळ्यांना मिळते हे खरेच आहे. पण वाढ आली कुठून? जून २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आठवडाभरात हजार रुपये मानधनवाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल झाला. १८ ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा संप झाला. सरकारने सात हजारांच्या वाढीची घोषणा केली, दिवाळीच्या तोंडावर बायका कामावर परतल्या. शासन निर्णय काही निघेना. १२ जानेवारी २०२४ ला तिसऱ्यांदा बाहेर पडावे लागले. आझाद मैदानावर थंडीत, लेकरांना घरी ठेवून, बायका दिवसेंदिवस बसल्या. मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला तो पाच हजारांचा, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. सातचे पाच झाले, आणि गटप्रवर्तकांचा प्रश्न तेव्हा मागेच राहिला. तरीही तीन वर्षांत जे हाती आले, ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत अर्ज-विनंत्यांनी आले नव्हते. केंद्राने आशांचा दरमहा ठरावीक मोबदला दोन हजारांवरून साडेतीन हजार केल्याचे २०२५ च्या जुलैत संसदेत सांगितले, तेही कुणाला आपोआप सुचले असे मी मानत नाही.

न भरणारीला बी तेवढेच मिळाले, हे खरे. पण सगळ्यांनीच तसा विचार केला असता तर कुणालाच काही मिळाले नसते. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. मंत्री चर्चेला बसतो तेव्हा यातल्या किती जणी काम थांबवतील हेच तो मोजत असतो. वेल्ह्यातल्या पन्नास-साठ जणी त्या आकड्यात किरकोळ दिसतील. पण त्या आत आहेत की बाहेर, हे तालुक्याच्या कचेरीला बरोबर ठाऊक असते.

खरे उत्तर मात्र याच्या पुढे आहे. मानधनाची वाढ सामाईक असते. संकट एकटीवर येते. एका आशाताईच्या सहा महिन्यांच्या गृहभेटींचा मोबदला 'नोंदी अपूर्ण' म्हणून कापला गेला. तालुका, केंद्र सांगत नाही, कारण तिला तिथेच काम करायचे आहे. ती तीनदा एकटी गेली. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा संगणक बंद होता, तिसऱ्यांदा तिला सांगितले की काम जमत नसेल तर राजीनामा द्या, गावात दुसरी तयार आहे. चौथ्यांदा तिच्याबरोबर संघटनेच्या चार जणी गेल्या. जाताना नोंदवहीच्या झेरॉक्स आणि लेखी अर्ज घेऊन गेल्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. आवाज कुणी चढवला नाही. पुढच्या महिन्यात पैसे जमा झाले. तिची वर्गणी कुठे गेली असे विचारणारीने या चौथ्या खेपेकडे पाहावे. अशी खेप सभासद नसलेल्या बाईसाठी कुणी करत नाही, आणि करायचे मनात असले तरी तिची अडचण कुणाला वेळेवर कळत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. पोटुशी बाई अडली, १०८ आली, तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला पाठवले. आशा बरोबर जाते, जावेच लागते. बाई आत गेली की रात्री दोन वाजता आशाने कुठे बसायचे? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या सूचनांत 'आशा घरा'ची कल्पना आहे, पण आमच्या बैठकांतल्या बहुतेक जणींनी रात्र काढली ती व्हरांड्यात, जिन्याखाली, नाहीतर रुग्णाच्या नातेवाइकांच्या घोळक्यात. तिथे धक्के, नको ते बोलणे, फोन नंबर मागणे. एकीने सांगितले आणि मग बाकीच्या बोलायला लागल्या. तोवर प्रत्येकीला वाटत होते की हे आपल्यालाच होते.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगते, कारण ती फारच थोड्या जणींना माहीत होती. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी बाईपुरता नाही. 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत मोबदला मिळो न मिळो, स्वेच्छेने काम करणारी बाईसुद्धा येते. म्हणजे जो 'स्वयंसेविका' शब्द आशाताईला पगार नाकारायला वापरला जातो, तो या कायद्यापुढे चालत नाही. जिथे अंतर्गत समिती नाही तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार घेण्यासाठी तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

हा कायदा कुणामुळे आला ते आपल्या जुन्या वाचक मैत्रिणींना आठवत असेल. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या 'साथिन' होत्या. मानधनावर गावात काम करणाऱ्या, आपल्या आशांसारख्याच. बालविवाह रोखण्याच्या कामाचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांना कामावर पाठवणाऱ्या यंत्रणेने जबाबदारी घेतली नाही. खालच्या न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्कारातून सोडले. त्यांच्या पाठीशी साथिनी आणि स्त्रीसंघटना उभ्या राहिल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल आला. नोकरीचा कागद नसलेल्या एका बाईमुळे देशातल्या सगळ्या नोकरदार बायकांना संरक्षण मिळाले. भंवरीदेवींना स्वतःला मात्र न्यायालयातून न्याय मिळाला नाही.

आणि अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. पुढे महापालिकेने अरुणाताईंना रुग्णालयातून हलवायचे ठरवले तेव्हाही परिचारिकाच आड आल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, त्यांच्यातल्या कित्येकींनी अरुणाला उभी, चालती कधी पाहिलीही नव्हती. तरी तिची अंघोळ, तिचा घास, तिची कूस बदलणे चुकले नाही. २०११ मध्ये दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तिच्या वतीने बोलायचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या या माणसांचा मानला. दयामरणाबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते असोत. पण एका सहकारी बाईला चार दशके न टाकणे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

संघटना नसली की काय होते, याचे उदाहरण आपल्या खोऱ्यांतच आहे. सुईण. महादेव कोळ्यांच्या वाड्यांत, धनगरवाड्यांत पिढ्यान् पिढ्या बाळंतपणे केलेल्या या म्हाताऱ्या. आधी सरकारने त्यांना प्रशिक्षण दिले, पेट्या वाटल्या. २००५ नंतर दवाखान्यातल्या बाळंतपणावर जोर आला आणि सुईण धोरणातून गळली. दवाखान्यात बाळंतपण व्हावे याला माझा पाठिंबाच आहे, माता वाचतात. पण सुईणीला एका शब्दाने कुणी विचारले नाही की तुझे पुढे काय, तुला जे येते त्यातले काय ठेवायचे. विचारणार तरी कुणाला? त्यांची यादी नव्हती, सभा नव्हती, त्यांच्या वतीने पत्र लिहिणारे कुणी नव्हते. दहा हजार डॉक्टरांचे काम एका परिपत्रकाने असे काढून घेता आले असते का?

इतके सगळे सांगितल्यावर संघटनांची दुसरी बाजू लपवणे बरोबर होणार नाही. आपण स्त्रीसंघटनांनी तर ती अंगावर घेतली आहे. रुग्णाला ग्राहक मानून दाद मागता यावी की नाही, या वादात आयएमए सर्वोच्च न्यायालयात रुग्णांच्या विरुद्ध उभी होती. १३ नोव्हेंबर १९९५ चा निकाल तिच्या विरोधात गेला म्हणून आज आपण ग्राहक आयोगात जाऊ शकतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला तो स्त्रीसंघटनांच्या आणि काही थोड्या डॉक्टरांच्या रेट्यामुळे. केंद्राचा १९९४ चा कायदा कपाटात पडून राहिला म्हणून २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांनी आपल्यातल्या सोनोग्राफीवाल्यांना आधीच आवरले असते तर ही वेळ आली नसती. उलट २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने याच कायद्यातल्या कारवाईविरुद्ध संप केला. कारकुनी चुकीला मोठी शिक्षा नको, हे त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे असेलही. पण मुलींचे प्रमाण घसरत होते तेव्हा या संघटनेने एकदाही संप केला नव्हता.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे गर्भाशय काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीपुढे आले की पाहणी केलेल्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे काढणारे हात कोणत्या ना कोणत्या संघटनेचे सभासद असणारच. सभासदत्वाने त्यांना ज्ञान दिले, संरक्षण दिले. हे का केलेस, असे सभेत उभे राहून विचारणारा सहकारी दिला नाही.

आणि दार लावून घेण्याची सवय तर फार जुनी. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन १८७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभासद झाल्या. १८७८ मध्ये संघटनेने ठरवले की आता आणखी बायका नकोत. १८९२ पर्यंत ते दार बंद राहिले आणि एकोणीस वर्षे त्या एकट्याच. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांनी १९०७ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली, तिच्या रेट्यामुळे १९१४ मध्ये स्त्रियांची वैद्यकीय सेवा सुरू झाली. पण त्या सेवेतल्या वरच्या जागा बहुतेक गोऱ्या बायकांकडेच राहिल्या. म्हणजे बायकांची संघटना असली की सगळ्या बायकांचे भले होतेच असे नाही. हे आपण आपल्याच संघटनांतही पाहिले आहे.

म्हणून आशांच्या संघटनेकडे मी दोन डोळ्यांनी पाहते. मानधन, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन हे पहिले. २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या बायकांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. अंगणवाडीताईंचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला, ते प्रकरण गुजरातेतल्या दाहोदचे होते. अंगणवाडीताई आपल्याकडे आशांच्या कितीतरी आधी संघटित झाल्या, त्याचे हे फळ. पण एवढ्यावर थांबली तर आशांची संघटनाही उद्या फक्त आपल्यापुरते पाहणारी होईल. जिथे बाईला तिच्या मर्जीविरुद्ध नसबंदीला नेले जाते, जिथे आकडा भरायला खोटी नोंद करायला सांगतात, जिथे लग्न न झालेल्या पोरीला गोळ्या देताना दहा प्रश्न विचारले जातात, तिथे आशा 'नाही' म्हणू शकली पाहिजे. एकटी नाही म्हणेल ती घरी बसेल. संघटनेने म्हटले तर म्हणता येईल. आणि एखादी आशाच कातकरी वस्तीवर जात नसेल, दारात उभी राहून लांबून गोळ्या टाकत असेल, तर तिला विचारायची जागाही तीच संघटना असायला हवी.

असे होऊ शकते याची उदाहरणे आहेत. १९७४ पासून 'मेडिको फ्रेंड सर्कल' नावाचा डॉक्टर-कार्यकर्त्यांचा गट चालू आहे, पुण्याच्या डॉ. अनंत फडक्यांसारखी माणसे त्यात वर्षानुवर्षे आहेत. सभासदाला विमा नाही, गुणांक नाहीत. वर्षातून एकदा भेटून आपल्याच व्यवसायाला प्रश्न विचारायचे. मुंबईत १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीवरचे नियतकालिक सुरू केले ते आजही निघते. हे गट लहान आहेत, पण औषधांच्या किमतींपासून रुग्णहक्कांपर्यंत आपल्याला हाताशी आलेली कितीतरी माहिती त्यांनी जमवलेली आहे.

बैठकांत काही आक्षेप निघाले. संघटना पक्षांच्या आहेत, पुढारी पुरुष आहेत, एका जिल्ह्यात तीन-तीन झेंडे आहेत. खरे आहे. पण संपांच्या वेळी हेच झेंडे एका कृती समितीत एकत्र बसले. पुढारी पुरुष आहेत कारण पुण्याच्या बैठकीला संध्याकाळी पाचनंतर थांबता येते ते त्यांनाच. पासलीच्या, हिरडोशीच्या बाईची शेवटची एसटी त्याआधीच सुटते. तेव्हा सभा तालुक्याला घ्या, दुपारी घ्या, बाजाराच्या दिवशी घ्या, ही मागणी सभासद होऊन आतून करायची. बाहेरून करणारीची कुणी नोंद घेत नाही. सासरचे काय म्हणतील, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका ताईच्या नवऱ्याने मोर्चाचा फोटो वर्तमानपत्रात पाहून तिला आठ दिवस बोल लावले. तिथे आपल्या गावातल्या महिला मंडळाने, बचत गटाने त्या घरी जाऊन बसले पाहिजे. हे काम कुठल्याही युनियनच्या कचेरीतून होणार नाही.

आपल्या गटांसाठी म्हणून दोन-तीन गोष्टी सुचवते. तुमच्या गावची आशा तुमच्या बैठकीला येते ती बहुतेक वेळा माहिती द्यायला, गोळ्या वाटायला. एक बैठक तिच्या कामाबद्दल घ्या. ती महिन्यात किती चालते, तिला किती मिळाले, किती थकले, हे फळ्यावर मांडा. बायकांना हे आकडे माहीत नसतात, त्यांना वाटते तिला सरकारी पगार आहे. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा रात्रीच्या मुक्कामाच्या खोलीची मागणी गावाने करावी, एकट्या आशाने नव्हे. स्थानिक समितीचे आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव काय, ते तहसील कचेरीत लेखी विचारा. आम्ही विचारले आहे, उत्तर आले की याच अंकांतून छापू.

तुमच्या भागात आशा, अंगणवाडीताई किंवा परिचारिकांची संघटना कशी चालते, वर्गणी किती, सभा कधी आणि कुठे होतात, बायका पदाधिकारी किती, अडचणीला कुणी धावून आले का, हे पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. पत्र चार ओळींचे असले तरी चालेल. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून लिहवून घ्या. आणि ज्या ताई या महिन्यात सभासद होणार आहेत त्यांनी वर्गणी दिल्यावर छापील पावती मागून घ्यावी. पावतीवर सही आणि तारीख आहे ना, ते तिथेच पाहून घ्यावे.